खडूचा गोल नसलेले भोक

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. माझ्या अंगावर काय काय आहे ते आधी नीट मोजून सांगतो. लांबी एक वीत आणि चार बोटे. रुंदी एक वीत. कडेने खिळ्यांची भोके अकरा. त्यांतल्या दोन भोकांत खिळे अजून अडकलेले आहेत, वाकलेले. एका बाजूला रंग आहे : अर्धे सूर्यफूल, त्याच्या नऊ पाकळ्या, आणि ‘तेल’ या शब्दातला फक्त ‘ते’. दुसऱ्या बाजूला रंग नाही. तिथे ओरखडे आहेत. लांब ओरखडे एकतीस. बारीक ओरखडे एकमेकांवर इतके चढले आहेत की ते मोजता येत नाहीत.

ओरखड्यांचे मी पुढे सांगेन. आधी मी कुठून आलो ते ऐका.

मी जन्मलो तेव्हा डबा होतो. लोखंडाची पातळ चादर आणि तिच्यावर कथिलाचा त्याहून पातळ थर. हा थर शाबूत असतो तोवर पत्र्याला गंज चढत नाही. थराला ओरखडा पडला की नेमका त्या ओरखड्यातच गंज धरतो, आणि मग तो ओरखडा कितीही घासला तरी जात नाही.

माझ्यात पंधरा किलो तेल होते. शेलूबाजारच्या एका किराणा दुकानात मी डब्यांच्या थप्पीवर सर्वांत वर बसलो होतो. तिथून रस्त्यावरचे ट्रक दिसायचे. एके दिवशी मला जीपच्या टपावर दोरीने बांधले. किन्हीराजा गावाच्या पुढे डांबरी रस्ता सोडला की एक तांडा लागतो. तिथे लग्न होते. माझ्यातल्या तेलात पुऱ्या तळल्या गेल्या. पाहुणे गेले, मांडव उतरला आणि रिकामे डबे तांड्यातल्या बायकांनी वाटून घेतले. मला बेबीताईने उचलले. तिने मला उलटे केले, बोटाच्या पेराने वाजवून पाहिले आणि शेजारच्या गोमतीबाईला म्हणाली, “बुड पक्कं हाय वं याचं. दाने चांगले राह्यतीन.”

“ने बापा,” गोमतीबाई म्हणाली. “तुह्या घरी तं पाव्हनेही लय येते.”

दोघी हसल्या. पाव्हने म्हणजे उंदीर, हे मला नंतर कळले.

एक गोष्ट सांगायची राहिली. ही बंजारा माणसे आपापसात गोरमाटी बोलतात. मला ती बोली कळते, पण तुम्हाला कळणार नाही. म्हणून ती बाजारात बोलतात त्या वऱ्हाडीत मी त्यांचे बोलणे सांगतो आहे.

घरात माणसे तीन. बेबीताई, तिचा नवरा उदयसिंग आणि त्यांची मुलगी निता. शेत थोडे होते. दिवाळी झाली की ऊसतोडीचा ट्रक यायचा आणि तिघेही त्यात बसून दूरच्या कारखान्याकडे जायचे. घराला कुलूप लागायचे ते उन्हाळ्यापर्यंत. घरात मागे राहायची ती पोती : परतल्यावर खायची ज्वारी आणि तूर, आणि पाऊस पडला की पेरायचे सोयाबीन. माणसे नसलेल्या घरात ती पोती पाच-सहा महिने एकटी उभी असायची. या घरात उंदीर शिरू न देणे किती गरजेचे होते, ते यावरून तुम्हाला समजेल.

मी सोयाबीनचे निवडक दाणे सांभाळत होतो. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजावेत म्हणून तो सारखे काही ना काही कुरतडतो : लाकूड, गोणपाट, प्लास्टिक, कच्ची वीट. एका रात्री एकाने माझ्या कडेला दात लावून पाहिले. दोनदा करकर केली आणि निघून गेला. मला फार अभिमान वाटला. पोत्यांचे तसे नव्हते. ती बिचारी मऊ होती.

माझ्या पहिल्याच वर्षी निघायच्या दिवशी बेबीताई दारात उभी राहून आत बघत मोठ्याने म्हणाली होती, “खा, खाऊन घ्या! आल्यावर तुमच्या नावानं औषधच टाकतो!”

ती परतली तेव्हा ज्वारीच्या पोत्याला खाली मुठीएवढे भोक होते. पण ती त्यासाठी रडली नाही. माळ्यावर एक गाठोडे होते. त्यात तिच्या आईची ओढणी होती. लाल कापड, त्यावर आरशाचे गोल तुकडे, काठाला कवड्या, आणि मध्ये इतके बारीक टाके की सुई कुठून गेली ते दिसू नये. आई गेली तेव्हा बेबीताईच्या वाट्याला तेवढी एकच वस्तू आली होती. उंदरांनी त्या ओढणीचे घर केले होते. धाग्याचा कापूस झाला होता आणि त्यात सहा गुलाबी पिल्ले झोपली होती.

“माह्या याडीले खाल्लं रे यायनं,” बेबीताई एवढेच म्हणाली. याडी म्हणजे आई.

उदयसिंगने ते घरटे पिल्लांसकट दोन्ही हातांनी उचलले, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, नेऊन ठेवले आणि हात धुऊन आला. ओढणीचा हातभर तुकडा शिल्लक राहिला होता. बेबीताईने तो झटकला, घडी केली आणि माझ्यात ठेवला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मानाचा दिवस.

त्या दिवसापासून घरात एक नियम झाला. उंदरांबद्दल तोंडाने काही बोलायचे नाही. औषध, पिंजरा, भोक बुजवणे, यातले काही करायचे असेल तर गुपचूप करायचे. उंदीर भिंतीत बसून ऐकतात आणि सूड म्हणून कपडे कुरतडतात, असे बेबीताईचे ठाम मत झाले. “म्या औषधाचं नाव काढलं, म्हून तं ओढनी गेली,” ती म्हणायची. आसपासच्या पुष्कळ घरांत असे मानतात. उंदराला ऐकू फार बारीक येते, हे खरे आहे. पण त्याला ना मराठी कळते, ना गोरमाटी. त्याला पिल्लांसाठी मऊ काहीतरी हवे असते, एवढेच. हे मला सांगता आले असते तर किती बरे झाले असते! पण डब्याला बोलता येत नाही. मी आज बोलतो आहे ते फक्त तुमच्याशी.

मग चिंदी आली.

निता तेव्हा पाचवीत होती. तिला रस्त्याच्या मोरीत मांजरीचे एक पिल्लू सापडले. ते पांढरे, काळे आणि तांबडे होते, जणू तीन कपड्यांच्या चिंध्या जोडून शिवलेले. निताने त्याला परकराच्या ओच्यात घालून आणले.

“कायले आनलं वं हे?” बेबीताईने विचारले.

निताने तोंडावर बोट ठेवले आणि भिंतीकडे डोळ्याने खुणावले. बेबीताईला कळले. तिने वाटीत थोडे दूध ओतले.

चिंदी मोठी झाली. घराच्या मागच्या भिंतीला, न्हाणीच्या कोपऱ्यात, पाणी बाहेर जायला तळाशी एक भोक होते. चिंदी त्यातून जायची-यायची. दार बंद असो की उघडे, तिला फरक पडत नव्हता. “चिंदीचं दार,” असेच सगळे त्या भोकाला म्हणत. तिने घरातले उंदीर धरले, आणि धरला की तो निताच्या अंथरुणाजवळ आणून ठेवायची. निता ओरडायची. उदयसिंग हसायचा, “घे, तुह्यासाठी भाजी आनली तिनं.”

ऊसतोडीच्या दिवसांत गोमतीबाई तिला भाकर-दूध घालायची. गोमतीबाई आता कुठे जात नसे. तांड्यातली म्हातारी माणसे मागेच राहतात. आमच्या ओट्यावर एक ॲल्युमिनियमची थाळी असायची. चिंदी कधी खायची, कधी उनाडायची. आणि ती उनाडायला गेली की त्याच भोकातून उंदीर आत यायचे. दुसऱ्या एका वर्षी परत आल्यावर बेबीताईने पोती टांगायच्या काट्याला लावली. पाच पोत्यांत मिळून चौदा किलो कमी भरले. तिने काटा उतरवला आणि काही न बोलता चूल पेटवली. बोलायचे नव्हतेच.

त्याच सुमारास माझे बुड गेले. न्हाणीजवळच्या ओलाव्याने मला खालून खाल्ले. बेबीताईने ओढणीचा तुकडा माझ्यातून काढला आणि कापडी पिशवीत घालून आढ्याच्या सळईला टांगला. मला बाहेर काढले. काही दिवस माझ्यात कोंबड्यांचे पाणी ठेवायचा प्रयत्न झाला. ते राहिले नाही. मग मी गोठ्यामागे आडवा पडून राहिलो. आतून कोळी, बाहेरून ऊन. आपल्याला कोणी विसरले की किती शांत वाटते आणि किती वाईट वाटते, ते मला तेव्हा कळले.

निता सातवीत गेली. शाळेत विज्ञानाच्या तासाला तिने एक गोष्ट ऐकली : ज्या फटीत पेन्सिल जाते, त्या फटीतून उंदराचे पिल्लू जाते. त्याचे डोके गेले की बाकीचे अंग दबून मागून जाते. त्या दिवशी घरी येऊन निता हातात पेन्सिल आणि खडू घेऊन भिंतीभिंतीने फिरू लागली. दाराखाली पेन्सिल घातली, गेली. तिने तिथे खडूचा गोल केला. चौकटीच्या कोपऱ्यात, खिडकीच्या गजाशी, पत्र्याचे छप्पर भिंतीला टेकते तिथे, विजेची वायर आत येते तिथे. पेन्सिल गेली की गोल. तोंडातून एक शब्द नाही.

उदयसिंग पाटावर बसून चहा पीत बघत होता. पोरगी काय करते आहे ते त्याला दुसऱ्या-तिसऱ्या गोलाला समजले. त्याने बेबीताईकडे पाहिले. बेबीताईने मान हलवली. असे त्या घरात ठरले, आणि कोणीच काही बोलले नाही.

निघायचे दिवस जवळ आले तेव्हा उदयसिंग कामाला लागला. जिथे गोल, तिथे सिमेंट. सिमेंटमध्ये काचेचा चुरा. खिडकीला बारीक जाळी. मग त्याला पत्र्याची गरज पडली आणि तो गोठ्यामागे आला. त्याने मला उचलून वाजवले. “बुड गेलं तं गेलं,” तो म्हणाला, “बाजू तं चांगल्या हाय.” छिन्नीने त्याने माझ्या चार बाजू वेगळ्या केल्या. तीन बाजूंच्या पट्ट्या झाल्या. त्या दाराच्या तळाला आणि चौकटीला लागल्या. आज तुमच्याशी बोलतो आहे तो मी चौथी बाजू. मी उरलो होतो.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बेबीताई आणि निता सेवालाल महाराजांच्या देवळात गेल्या होत्या. उदयसिंग बॅटरी घेऊन घरभर शेवटचे पाहत होता. एकेक गोल तपासला. सगळे भरलेले. मग तो न्हाणीच्या कोपऱ्यात वाकला. सर्वांत मोठे भोक तिथे होते, आणि त्याच्याभोवती गोल नव्हता.

“विसरली पोट्टी,” तो स्वतःशी पुटपुटला. “लहान लहान पाह्यले अन् मोठंच विसरली.”

आणि त्याने मला उचलले.

चिंदीचा त्याने विचार केला नाही असे नाही. तो उठून बाहेर गेला आणि पाहून आला. चिंदी गोमतीबाईच्या छपरावर बसली होती. घर बंद असताना तिला आत काय काम? बाहेर राहील, गोमतीबाईच्या हातचे खाईल. त्याने भोकाच्या चारी बाजूंना सिमेंट लावले, मला आतून दाबून बसवले आणि अकरा खिळे ठोकले. प्रत्येक खिळ्याला तो थांबून ऐकायचा, दोघी येत तर नाहीत. चोरी होती म्हणून नव्हे. त्या आल्या असत्या तर विचारले असते, आणि मग बोलावे लागले असते. शेवटी त्याने माझ्यावर थाप मारली. आढ्याला टांगलेल्या पिशवीकडे बॅटरी मारून पाहिले आणि तो हलकेच हसला. मीही खूश होतो. इतक्या दिवसांनी मी कोणाच्या तरी कामाला आलो होतो.

दुसऱ्या दिवशी ट्रक उजाडायच्या आधी आला. धावपळ उडाली. तोंडे बाहेरच्या ड्रमवर धुतली गेली. न्हाणीकडे कोणी फिरकले नाही. दार सताड उघडे होते. भांडी, बिछाने, कोयते बाहेर जात होते, आणि त्या पायांमधून चिंदी आत आली. सोयाबीनच्या पोत्यावर चढली, एक गिरकी घेतली आणि झोपली.

उदयसिंग ट्रकवर सामान बांधत होता. बेबीताईने माठ रिकामा करून पालथा घातला. निता पोत्याजवळ आली.

“याडी, चिंदी झोपून राह्यली.”

“झोपू दे तिले. राखन करन.”

“उठवू का?”

“कायले उठवतं? तिचं दार तिले माहीत हाय.”

निताने तिच्या कानामागे खाजवले. चिंदीने डोळे उघडले नाहीत. दार लागले. माझ्या भावंडांनी खालची फट झाकली. कुलपाचा आवाज झाला. ट्रकचा आवाज दूर जात जात संपला.

मित्रांनो, यापुढचे मी थोडक्यात सांगतो.

चिंदी ऊन वर आल्यावर उठली. अंग ताणले. न्हाणीत आली आणि तिचे डोके माझ्यावर आपटले. ती मागे सरली, माझ्याकडे पाहिले, मला हुंगले. माझ्याकडे बाहेरचा वास नव्हता. मग तिने पंजाने मला हलकेच ढकलले, जसे आपण अडकलेले दार ढकलतो. मी हललो नाही. अकरा खिळे होते आणि सिमेंट रात्रीत घट्ट झाले होते.

गोमतीबाई सकाळ-संध्याकाळ ओट्यावर भाकर-दूध ठेवायला यायची. चिंदी तिच्या पावलांच्या आवाजाने दाराशी धावायची आणि ओरडायची.

“काय वं चिंदे, लय बोलून राह्यली,” गोमतीबाई बाहेरून म्हणायची. “घरचे गेले म्हून रडतं काय? येतीन माय, येतीन. ये, खाऊन घे.” आणि ती निघून जायची. तिला ठाऊक होते की मांजरीचे दार मागे आहे. तांड्यात सगळ्यांनाच ठाऊक होते. मागच्या बाजूला बाभळीच्या काट्यांचे कुंपण होते, तिथे जायचे तिला कारणच नव्हते. थाळी तर रोज रिकामी व्हायची. कुत्रे खात होते, पण कुत्र्यांनी खाल्लेली थाळी आणि मांजरीने खाल्लेली थाळी सारखीच दिसते.

चिंदी पुन्हा माझ्याकडे यायची. आता ती ढकलत नव्हती, खरवडत होती. नखे पत्र्यावरून ओढली की फार मोठा आवाज होतो. एका संध्याकाळी तो गोमतीबाईने ऐकला.

“हां! धर, धर!” ती दाराबाहेरून आनंदाने ओरडली. “सोडू नको पाव्हन्याले! शाबास वं माय!”

चिंदी थांबली. आवाजाच्या दिशेने पाहिले. मग पुन्हा खरवडू लागली.

घरात उंदीर एकही नव्हता. एकही आत येऊ शकत नव्हता. पाण्याचा थेंब नव्हता. माठ पालथा होता. खरवडण्याचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. शेवटी शेवटी ती नुसती मला टेकून बसायची, कारण माझ्या कडेला सिमेंटमध्ये केसाएवढी चीर राहिली होती आणि तिथून वारा येत होता. पेन्सिल जाईल एवढी ती नव्हती. तिथेच चिंदी राहिली.

काही दिवसांनी गोमतीबाईला वास आला. “मारला वाटते एखादा,” ती शेजारणीला म्हणाली. “गुनाची मांजर हाय.”

ऊसतोडीवरून बेबीताईचा फोन यायचा. गोमतीबाई आमच्या ओट्यावर बसून बोलायची, म्हणून मला अर्धे ऐकू येई. “चिंदी? मजेत हाय. थाळी रोज साफ... दिसत नाई, पन खाते बराबर... हो, धरते ना, म्या ऐकलं माह्या कानानं.” तिकडे तिघांनाही हे खरे वाटत होते. बेबीताई आणि निता समजत होत्या की चिंदी आत-बाहेर करते आहे. उदयसिंग समजत होता की ती बाहेर आहे. गोमतीबाईचा निरोप दोन्ही समजुतींत बसत होता. म्हणून कोणी काही विचारले नाही आणि कोणी काही सांगितले नाही.

ऊन तापू लागले आणि ते परत आले. मी बॅगा ठेवल्याचा आवाज ऐकला. निताचा आवाज थोडा बदलला होता, मोठा झाला होता.

“चिंदे! चिंदे! दादी, कुठं हाय चिंदी?”

“असन मागं,” गोमतीबाई म्हणाली. “भोकातून बाहेर येईन पाय आता.”

कुलूप निघाले. निता सर्वांत आधी आत आली आणि पोत्यावर पाहिले. मग माळ्यावर. मग न्हाणीकडे वळली, आणि तिथेच उभी राहिली.

तिने आरडाओरडा केला नाही. ती खाली बसली. चिंदी अगदी चपटी आणि हलकी झाली होती, वाळलेल्या पानासारखी. तिचे तोंड माझ्याकडे होते. निताने आधी तिला पाहिले, मग मला. पुढे होऊन तिने माझ्यावरून बोट फिरवले. प्रत्येक ओरखड्यात गंज धरला होता.

मागून उदयसिंग आला.

“बा,” ती वळून न पाहता म्हणाली, “हे कोनं लावलं?”

“म्या.”

“तिथं गोल नव्हता.”

“मले वाटलं तू विसरली.”

“विसरली नव्हती,” निता म्हणाली. “तिचं दार होतं थे. म्हून नव्हता केला.”

उदयसिंग तिच्या शेजारी बसला. “म्या पाह्यलं होतं,” तो म्हणाला. “छपरावर होती थे. म्या पाहून आलो होतो वं.”

बेबीताई दारातून आत आली. तिला सारे एका नजरेत कळले. “अन् मले सांगाचं नाई?” ती म्हणाली. “एक शब्द नाई सांगाचा?”

“कसं सांगू?” उदयसिंग म्हणाला. “तूच म्हनलं होतं. बोलाचं नाई म्हून.”

बेबीताईने तोंडावर हात ठेवला. बाहेर ओट्यावर गोमतीबाईने रिकामी थाळी उचलली, पाहिली आणि पुन्हा ठेवली. “म्या म्हनलं धर, धर,” ती कोणाला तरी सांगत होती, पण तिच्याजवळ कोणी नव्हते. “म्या तं तिले शाबास म्हनलं.”

मग बेबीताई पुढे आली. आढ्याची पिशवी तिने काठीने खाली घेतली. आतला लाल तुकडा काढला. त्यावर आरसे अकरा होते आणि कवड्या चार. एक धागाही कुरतडलेला नव्हता. तिने तो जमिनीवर पसरला.

“याडी, नको,” निता म्हणाली. “आजीची हाय.”

“म्हूनच,” बेबीताई म्हणाली.

चिंदी त्या हातभर तुकड्यात मावली. उदयसिंगने पळसाखाली खड्डा खणला. माती निताने लोटली.

त्याच दिवशी उदयसिंगने मला उपसून काढले. पहार लावावी लागली, त्यात माझे नऊ खिळे निघाले आणि दोन वाकून राहिले. तो मला दूर फेकणार होता. निताने मला त्याच्या हातून घेतले आणि ओट्याच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवले, ओरखडे बाहेरच्या बाजूने. मी अजून तिथेच आहे. रंगाची बाजू भिंतीकडे आहे, म्हणून सूर्यफूल आता कोणाला दिसत नाही. येणारे-जाणारे पाहतात, पण विचारत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरात उंदीर येऊ नयेत असे तुम्हालाही वाटत असेल. जरूर फटी बुजवा. पेन्सिल घेऊन सगळीकडे फिरा, खडूचे गोल करा, सिमेंटमध्ये काचेचा चुरा घाला. ते सगळे उपाय चांगले आहेत, ते माझ्याइतके कोणाला ठाऊक नाही. पण भोक बुजवण्याआधी त्यातून आणखी कोण ये-जा करते ते पाहा. दार लावण्याआधी आत कोण आहे ते पाहा. आणि काही बुजवले असेल तर घरातल्यांना तोंडाने सांगा, मोठ्याने सांगा. भिंतीतल्यांनी ऐकले तर ऐकू द्या.

दुसऱ्या दिवशी बेबीताईने आढ्याला काटा टांगला आणि पोती एकेक करून लावली. निता आकडे मोठ्याने वाचत होती. ज्वारीची दोन पोती : जाताना एकशे अठरा किलो, आता एकशे अठरा. तूर : जाताना एकतीस, आता एकतीस. सोयाबीनची दोन पोती : जाताना ब्याण्णव, आता ब्याण्णव. पाचही पोत्यांना भोके शून्य.